मुलगी बघायला डोंगरावर

चौबळकाकूंनी ताईला पहिल्यांदा पाहिलं ते दुर्बिणीतून. आम्ही एसटीतून उतरून त्यांच्या शेतघराकडे चालत येत होतो आणि त्या ओट्यावर उभ्या राहून आंब्याच्या शेंड्यावरचा कुठलासा पक्षी न्याहाळत होत्या. मग दुर्बीण हळूहळू खाली उतरली आणि ताईवर येऊन थांबली. थांबली म्हणजे चांगली मुक्कामालाच आली. आम्ही फाटकाशी पोचलो तरी ती डोळ्यांवरून हलेना.

"अप्पा, त्या आपल्याकडे बघतायत," मी म्हणाले.

"बघू दे गं. दाखवायलाच आणलंय ना," अप्पा पुटपुटले आणि त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

दाखवायचं होतं ताईला. सुनीती मधुकर कर्णिक, वय अठ्ठावीस, साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत गणिताची शिक्षिका. याआधी दोन स्थळं होता होता राहिली होती. एकांना उंची कमी वाटली, दुसऱ्यांना बुद्धी जास्त. आई गेल्यापासून अप्पांनी ताईच्या लग्नाचा एवढा ध्यास घेतला होता, की रस्त्यात कुणाचा उंच मुलगा दिसला तरी ते वळून बघायचे. अशात शीलामावशीने पुण्याच्या चौबळांचं स्थळ आणलं. मुलगा इंजिनियर, एकुलता एक, घर निसर्गप्रेमी. शेवटची गोष्ट शीलामावशीने अशा सुरात सांगितली, जसं काही घराण्यात कुणी संत होऊन गेलेत.

चौबळांकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम होत नसे. मुलीला ट्रे घेऊन समोर आणणं हा स्त्रीचा अपमान आहे, असं काकूंचं मत होतं. म्हणून ते मुलीला भोरजवळच्या आपल्या शेतघरी बोलवायचे आणि मागच्या डोंगरावर न्यायचे. वाटेत ती काय बघते, तिच्या काय नजरेस पडतं, त्यावरून माणूस ओळखायचं. आमच्या आत्याला तिच्या वेळी चार पावलं चालून दाखवायला लावलं होतं, ती गोष्ट आमच्या घरात अजून संतापाने सांगितली जायची. ताईला अख्खा डोंगर चालून दाखवायचा होता. पण हे म्हणे पुरोगामी.

मी पाठराखीण म्हणून गेले होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि जिभेला हाड नव्हतं. आदल्या दिवशी अप्पांनी मला बजावलं होतं, "मेधा, तू फक्त हसायचंस. बोलायचं नाहीस. आणि हसायचं म्हणजे तसलं नाही, साधं."

ताईची तयारी मात्र जोरात चालली होती. शाळेच्या ग्रंथालयातून पक्ष्यांचं आणि रानफुलांचं अशी दोन पुस्तकं आणून ती परीक्षेसारखी घोकत बसली होती. मी तिची टर उडवली, तर तिने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला तो आवडलाय, मेधा. नुसत्या फोटोवरून. हसू नकोस. या वेळी मला खरंच वाटतंय, जमावं."

मी हसले नाही. ताई असं कधी बोलत नसे.

ओट्यावर स्वागत झालं. चौबळकाका एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, अंगात खाकी शर्ट, त्याला खिसेच खिसे, डोक्यावर शिकारी टोपी. त्यांनी अप्पांशी हात मिळवला तोही असा, की अप्पांना नोकरी मिळाल्यासारखं वाटावं.

"कर्णिक, तुम्ही चैत्र बघायला योग्य वेळी आलात. लोक म्हणतात उन्हाळा आला. लोकांना डोळे नसतात."

"खरंय साहेब," अप्पा म्हणाले. दोन मिनिटांपूर्वीच ते उन्हाळा फार वाढला म्हणून घाम पुसत होते.

"आमच्या मुलाचं नावसुद्धा झाडावरून आहे," काकू म्हणाल्या. "शिरीष."

"वा, वा," अप्पा म्हणाले.

शिरीष मागे उभा होता. उंच, सावळा, खांद्यावर कॅमेऱ्याची जड पिशवी. चेहरा चांगला होता, हे मी नाइलाजाने कबूल करते. तो ताईकडे बघून किंचित हसला आणि लगेच त्याने वडिलांकडे बघितलं, हसलं तर चालतं ना अशा नजरेने.

आम्ही निघालो. पुढे चौबळकाका काठी घेऊन, त्यांच्यामागे काकू आणि ताई, मग शिरीष, मग मी. सगळ्यांत शेवटी अप्पा. कुणी सांगितलं नसताना त्यांनी पाण्याची पिशवी, डब्यांची पिशवी आणि काकूंची घडीची खुर्ची असं सगळं स्वतःकडे घेतलं होतं. पायात नवीन चपला, त्या खडकावर घसरत होत्या. मला त्यांचा राग आला. मुलीचा बाप असण्याला एवढं वाकायची गरज नसते.

डोंगर मात्र सुंदर होता. चौबळांच्या मालकीचा असल्यासारखे ते दाखवत होते तरीही सुंदर होता. गवत वाळून सोनेरी झालेलं, त्यात मध्येच धायटीची लालभडक झुडपं. पांगाऱ्याला एक पान नाही, नुसती फुलं, आणि त्या फुलांवर मैना आणि कावळ्यांची भांडणं चाललेली. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरून गेल्या होत्या आणि त्यांचा वास सगळ्या वाटेवर सांडला होता. दूर कुठेतरी तांबट पक्षी एकसुरी टुक टुक करत होता, भांड्यावर हातोडी मारत बसावं तसा.

"हे काय?" काकू बोटाने दाखवायच्या.

"धायटी," ताई म्हणायची.

"आणि त्यावरचा?"

"शिंजीर. सूर्यपक्षी. तो निळा दिसतोय तो नर आहे."

"छान. मागच्या मुलीने त्याला चिमणी म्हटलं होतं," काकू म्हणाल्या आणि हसल्या. चौबळकाकाही हसले. मागून अप्पाही हसले.

त्या मागच्या मुलीबद्दल मला अचानक फार आपुलकी वाटली. बिचारी नटूनथटून डोंगर चढली असेल आणि चिमणीवर नापास झाली असेल.

पुढचा सगळा चढ असाच गेला. चौबळकाका नावं सांगायचे. फुलाचं नाव, पाखराचं नाव, किड्याचं नाव, आणि नाव सांगून झालं की त्या गोष्टीकडे पुन्हा बघायचे नाहीत. जनगणनेला निघालेल्या माणसासारखे ते पुढच्या घराकडे वळायचे. एकदा कुसुंबाची कोवळी तांबडी पालवी उन्हात अशी पेटली होती, की ताई थबकलीच. "कुसुंब," काका म्हणाले आणि चालू लागले. "चला, चला. वर अजून पुष्कळ आहे."

ताई थबकलेली शिरीषने पाहिलं. तोही थांबला.

"इकडे या, एक गंमत दाखवतो," तो हळूच म्हणाला.

एका मोठ्या खडकाच्या आडोशाला बारीक माती होती आणि त्या मातीत छोटे छोटे खळगे पडले होते, चहाच्या गाळणीच्या आकाराचे. शिरीष सरळ पोटावर पडला. स्वच्छ इस्त्रीच्या शर्टाची त्याने पर्वा केली नाही.

"वाकून बघा. तळाशी एक किडा स्वतःला पुरून घेऊन बसलाय. मुंगी कडेवरून घसरली की तो खालून माती उडवतो. तिला वर चढू देत नाही."

त्याने गवताची काडी घेऊन खळग्याच्या कडेला गुदगुल्या केल्या. तळाची माती खरंच फुर्रकन उडाली. ताई खाली बसली होती, तिची ओढणी मातीत लोळत होती, आणि ती हसली. इतकी मोकळी हसली, की मी चपापून तिच्याकडे बघितलं.

"मग मुंगी नाहीच आली तर?" तिने विचारलं.

"बसून राहतो. महिनोन् महिने. मी लहान असताना रोज इथे येऊन बघायचो आणि कधीकधी याच्यासाठी मुंगी पकडून आणायचो. मग मुंगीचं वाईट वाटायचं."

"म्हणजे कुणाच्याच बाजूने नाही तुम्ही."

"दोघांच्याही," तो म्हणाला आणि लाजला.

मी तिथून जरा बाजूला झाले. माझ्यासारख्या माणसालासुद्धा कळलं, की इथे काहीतरी होतंय आणि त्यात आपलं काम नाही. तेवढ्यात वरून हाक आली, "शिरीष! ऊन वाया चाललंय!" आणि शिरीष ताडकन उठून माती झटकायला लागला. किड्याचं, ताईचं आणि मुंगीचं सगळं तिथेच राहिलं.

माथ्यावर पोचल्यावर जेवण. काकूंनी चादर पसरायला सांगितली ती ताईला. डबे उघडायला ताईला. वाढायलाही ताईला. "आपल्याकडे औपचारिकपणा नाही," काकू खुर्चीत बसून म्हणाल्या आणि ताईच्या हाताकडे बारीक नजरेने बघत राहिल्या, चटणी किती वाढते, आधी कुणाला वाढते. ट्रे तेवढा नव्हता. बाकी कांदेपोह्यांचा कार्यक्रम जसाच्या तसा डोंगरावर चढवला होता.

"आमचं एकच म्हणणं असतं," चौबळकाका घास घेत म्हणाले. "ज्याला निसर्ग कळतो त्याला माणूस कळतो."

"अगदी," अप्पा म्हणाले.

"आमच्या घरात मुंगीसुद्धा मारत नाहीत. बाहेर नेऊन सोडतात."

"वा."

कोण नेऊन सोडतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मोलकरीण असणार.

जेवण झाल्यावर चौबळकाकांनी खरं प्रयोजन सांगितलं. पुण्यात निसर्गछायाचित्रांची स्पर्धा होती आणि शिरीषला त्यात बक्षीस मिळालंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. गेली दोन वर्षं त्यांच्या जुन्या कंपनीतल्या कुणा जोशींचा मुलगा पहिला येत होता. या वेळी खाली उतरायच्या वाटेवरच्या एका करवंदीच्या जाळीत शिपाई बुलबुलाचं घरटं त्यांनी हेरून ठेवलं होतं. अंड्यांतून पिल्लं बाहेर आलेली होती.

"चला, सुनीतीला दाखवू," काका म्हणाले. "नशीबवान आहेस. हे सगळ्यांना बघायला मिळत नाही."

घरटं खरोखर सुंदर होतं. दाट जाळीच्या पोटात, फांद्यांच्या बेचक्यात, गवताच्या काड्यांचं आणि कोळ्याच्या जाळ्याचं विणलेलं वाटीसारखं. त्यात तीन पिल्लं, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, नुसती गुलाबी कातडी आणि धडधडणारी पोटं. वरून करवंदीच्या आणि शेजारच्या अंजनीच्या फांद्यांनी झाकलेलं होतं, म्हणून खाली हिरवी सावली पडली होती. ताई गुडघ्यावर बसून श्वास रोखून बघत राहिली.

"अंधार आहे," चौबळकाका म्हणाले. "शिरीष, असं नाही येणार फोटो."

त्यांनी खांद्याच्या पिशवीतून झाडं छाटायची कात्री काढली. मला वाटलं, एखादी काडी बाजूला करतील. त्यांनी जाळीचा वरचा सगळा भाग कापला. करवंदीच्या फांद्या, त्यांच्यावरची फुलं, वर झुकलेली अंजनीची एक चांगली जाड, पानांनी भरलेली फांदी, सगळं कचाकच कापून बाजूला फेकलं. आई बुलबुल शेजारच्या झाडावर येऊन ओरडत होती, काकांचं लक्ष नव्हतं. हात चालवतानाही ते म्हणत होते, "करवंदीला लवकर पालवी फुटते, काही होत नाही."

दुपारचं ऊन घरट्यात सरळ उतरलं. पिल्लं उघडी पडली.

"आता बघ कसा उजेड आलाय," काका मागे सरून म्हणाले. "लाव कॅमेरा."

शिरीषने कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. आम्ही सगळे मागे जाऊन बसलो. थोड्या वेळाने बुलबुल आली. डोक्यावर काळा टोकदार तुरा, गालावर लाल ठिपका, चोचीत काहीच नव्हतं. ती घरट्याच्या काठावर उतरली, पिल्लांवर वाकली आणि तिने दोन्ही पंख अर्धे उघडून धरले. चोच उघडी, गळा भराभर हलतोय, आणि ती तशीच उभी. भरवत नव्हती, हलत नव्हती.

"वा! काय पोज आहे!" चौबळकाका दबल्या आवाजात म्हणाले. "घे, शिरीष, घे. जोशाच्या पोराने बघावं हे."

"वात्सल्य," काकू म्हणाल्या. "फोटोला हेच नाव द्यायचं."

"ती असं का करतेय?" ताईने शिरीषला विचारलं.

तो कॅमेऱ्याच्या मागून म्हणाला, अगदी हळू, "पिल्लांना ऊन लागतंय. सावली धरतेय."

"म्हणजे तुम्हाला माहितीये."

त्याने लेन्सची कडी फिरवली.

"किती वेळ धरेल?"

"माहीत नाही. थकेपर्यंत."

ताई उठली. तिने अंजनीची कापलेली फांदी उचलली आणि सरळ जाळीकडे चालू लागली. बुलबुल उडून गेली. चौबळकाका जवळजवळ ओरडलेच, "अहो! अहो, काय करताय! फ्रेममध्ये आलात!"

ताईने फांदी घरट्यावर तिरकी धरली. पिल्लांवर सावली आली. काट्यांनी तिचे हात ओरबाडले होते, पण तिचा आवाज वर्गात गणित समजावते तसा शांत होता.

"शिरीष, जरा येता का? तुम्ही ही धरा. मी ओढणीने बांधते. दोन मिनिटांचं काम आहे."

तो आला. खरं सांगते, तो आला. कॅमेरा सोडून आला आणि त्याने फांदी धरली. दोघांचे हात एकाच फांदीवर होते. ताईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतर बऱ्याच वर्षांनी पाहिलं. तिने ओढणीचं टोक फाडायला घेतलं.

"शिरीष," चौबळकाका म्हणाले. ओरडले नाहीत, फक्त नाव घेतलं. "ऊन सरकतंय. धरायचं काय ते नंतर धरा."

शिरीषने वडिलांकडे पाहिलं. मग ताईकडे. ताईच्या हातात ओढणीचा फाटका पट्टा होता आणि ती वाट बघत होती.

"फक्त दोन फोटो," तो तिला म्हणाला. "लगेच होतील. मग बांधू."

आणि त्याने फांदी सोडली. ती करवंदीच्या काट्यांवर आडवी पडून खाली घसरली. तो मागे जाऊन कॅमेऱ्याला डोळा लावून उभा राहिला.

ताई एक क्षण तशीच उभी होती. मग तिने वाकून फांदी पुन्हा उचलली.

"सुनीती, बाळ, बाजूला हो," काकू म्हणाल्या. "असं हळवं होऊन निसर्ग कळत नाही. निसर्ग कठोर असतो."

कात्री अजून त्यांच्या नवऱ्याच्या हातात होती. त्या माणसांची एवढी चीड मला आली, की काय बोलावं ते सुचेना, आणि असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

त्यात अप्पा मागून म्हणाले, "सुनीती, ये गं इकडे. त्यांचं काम चाललंय. त्यांना जास्त कळतं." खांद्यावर खुर्ची, हातात पाण्याची पिशवी, कपाळावर घाम. माझ्या बापाइतका लाचार माणूस त्या क्षणी पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल, असं मला वाटलं.

ताईने त्यांच्याकडेही पाहिलं नाही. "मेधा," तिने हाक मारली. मी गेले आणि फांदी धरली. तिने ओढणीचे पट्टे काढून ती तीन ठिकाणी बांधली, सावकाश, गाठ ओढून बघत. चौबळकाका मोठमोठ्याने बोलत होते, संस्कार, अडाणीपणा, शिस्त, बरंच काही. काकू त्यांना शांत करत होत्या. शिरीष खाली मान घालून कॅमेऱ्याची लेन्स पुसत होता. लेन्स स्वच्छ होती.

आम्ही बाजूला झालो तरी ताई उतारावर थांबून राहिली. बुलबुल परत आली, सावलीत शिरली, हे तिने डोळ्यांनी पाहिलं, मगच ती हलली.

परतीच्या एसटीत अप्पा एका बाकावर एकटे बसले आणि आम्ही दोघी मागे. ताईच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिला हसवायला चौबळकाकांची नक्कल केली, ती हसली नाही.

"मला तो आवडला होता गं," ती म्हणाली. "फोटोपेक्षा जास्त आवडला." आणि ती रडायला लागली, गर्दीच्या एसटीत, लोकांची पर्वा न करता. मी तिचा हात धरून बसले.

आम्हाला वाटलं, आता त्यांचा नकार येणार. पुढच्या आठवड्यात फोन आला तो चौबळकाकांचा आणि तो होकाराचा होता. अप्पा फोनवर नुसते "हो साहेब, आभारी आहे साहेब" करत होते. फोन ठेवल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते.

"पसंत आहे! म्हणाले, मुलगी जरा हळवी आहे, निसर्ग अजून नीट कळत नाही, पण आमच्याकडे राहून तयार होईल. मोठ्या मनाची माणसं आहेत, सुनीती. एवढं सगळं होऊनही."

ताई वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं.

"नाही अप्पा. मला नाही करायचं."

"काय?"

"मला हे लग्न नाही करायचं."

अप्पा खुर्चीत बसले. मग उठले, मग पुन्हा बसले. "एका फांदीसाठी? अगं, पाखराच्या एका घरट्यासाठी? पोरगा शिकलेला आहे, एकुलता एक आहे. तिसरं स्थळ आहे हे. तुझ्या आईला मी काय..."

"त्याला माहीत नसतं ना अप्पा, तर मी समजून घेतलं असतं," ताई म्हणाली. "त्याच्या वडिलांना माहीत नाही. त्याला माहीत होतं. त्यानेच मला सांगितलं, पिल्लांना ऊन लागतंय. सांगितलं आणि मग हात काढून घेतला."

भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे अप्पांनी पाहिलं की नुसतंच भिंतीकडे, कोण जाणे. शेवटी म्हणाले, "मग त्यांना कारण काय सांगू?"

"काहीही सांगा. पत्रिका जमत नाही म्हणा. त्यांना वाईट वाटायला नको."

अप्पांनी नंबर फिरवला. मी दारात उभी राहून ऐकत होते, कारण ते कसे गयावया करतात ते मला बघायचं होतं. पलीकडून चौबळकाकांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. ते साखरपुड्याबद्दल बोलत होते. मग नकार कळला असावा, कारण आवाज चढला. त्यांच्यासारख्या माणसांनी आमच्यासारख्यांच्या मुलीला होकार दिला, वगैरे. अप्पा "हो", "हो", "बरोबर आहे" करत होते. पत्रिकेचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मी पाहिला.

मग ते थांबले. पाठ सरळ करून उभे राहिले.

"नाही, चौबळ," ते म्हणाले. इतके दिवस साहेब म्हणत होते. "पत्रिका चांगली जमते. मीच दोनदा बघितली. पण त्या दिवशी तुमच्या मुलाला माझ्या मुलीने एक फांदी धरायला दिली होती, ती त्याने तुमच्या एका हाकेसरशी सोडली. मी मागे उभा होतो, मी पाहिलं. माझी मुलगी मी त्या हातात द्यायची कशी, ते तुम्हीच सांगा."

अप्पा रिसीव्हर कानाला लावून, उत्तराची वाट बघत, बराच वेळ तसेच उभे होते.